दूरच्या राज्यातल्या पुढाऱ्यावर वीस मिनिटं कसं बोलायचं

महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांतच बायको म्हणाली, ‘घरात फायली नाहीत म्हणून तुम्ही आता भाजीची पिशवी तपासायला लागलात. काहीतरी उद्योग बघा.’ म्हणून रविवारचं मंडळ काढलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या पुढच्या खोलीत आठ-दहा पोरं-पोरी जमतात, बहुतेक एमपीएससी करणारी. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्या पुढाऱ्याचं नाव येईल त्याच्या कारकिर्दीवर वीस मिनिटं बोलायचं. महाराष्ट्रातले पुढारी बाद, त्यांच्यावर कुणीही झोपेत बोलतं. यंदाच्या उन्हाळ्यात उत्तरेकडची राज्यं घेतली होती. उत्तर प्रदेशचे गोविंद वल्लभ पंत, पंजाबचे प्रतापसिंग कैरों, हिमाचलचे यशवंतसिंह परमार.

परमारांची चिठ्ठी विडी घरकुलातल्या एका मुलीला आली. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. पुढच्या रविवारी तिनं दोन पानं लिहून आणली. द्रष्टे नेतृत्व, साधी राहणी, हिमाचलचे शिल्पकार, आणि खाली पदांची यादी. (प्रत्येक राज्याला एक शिल्पकार असतोच, आपल्यालाही आहे.) मी म्हटलं, यात नाव बदलून कैरोंचं घाल, कुणाला कळणारसुद्धा नाही. पोरगी जरा रागावली. मग म्हणाली, ‘तर काय करायचं काका, सांगा की.’

तिला तीन रविवारांत जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो. तुमची चिठ्ठी दुसरी असली तरी रीत हीच.

सगळ्यात आधी ते राज्य आपल्या मापात मोजा. हिमाचलचं क्षेत्रफळ ५५,६७३ चौरस किलोमीटर. हा आकडा ऐकून आमच्या सात रस्ता चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढं काहीही येत नाही. आपला सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटर. म्हणजे अख्खं हिमाचल पावणेचार सोलापूर. आता माणसं मोजा. २०११ च्या जनगणनेत हिमाचलमध्ये ६८ लाखांवर आणि एकट्या सोलापूर जिल्ह्यात ४३ लाख. जमीन पावणेचार पट, माणसं दुपटीलाही कमी. विधानसभेत ६८ आमदार, लोकसभेत फक्त चार खासदार. चार खासदारांच्या राज्याला दिल्लीत कोण किती वेळ बसवून घेत असेल, हा विचार मनात ठेवूनच पुढं वाचायचं. परमारांची निम्मी कारकीर्द त्याच रांगेत गेली.

नावं मोठ्यानं म्हणून बघा. सिरमौर, नाहन, बागथन. ४ ऑगस्ट १९०६ ला सिरमौर संस्थानात, बागथनजवळच्या चन्हालग गावी परमार जन्मले. हे नाव व्यासपीठावर पहिल्यांदा उच्चारू नका, घरीच दहा वेळा उच्चारा. आणि मोबाइलवर लिहिताना जपा. तिकडं सोलन नावाचं शहर आहे, मोबाइल त्याचं परस्पर सोलापूर करतो. तिच्या दुसऱ्या मसुद्यात परमारांच्या नावाचं विद्यापीठ ‘सोलापूरजवळ नौणी येथे’ निघालं होतं. तसं असतं तर बरंच झालं असतं.

आता पदांची यादी. ती करावीच लागते, पण वाचून दाखवण्यासाठी नाही. एका कागदावर डावीकडं पद, मधे सुरुवातीची तारीख, उजवीकडं शेवटची तारीख. नुसतं साल चालणार नाही, दिनांक पाहिजे. यादी झाली की प्रत्येक पदापुढं एकच प्रश्न लिहायचा: त्या दिवशी हे पद होतं का?

हा प्रश्न मला एका फजितीनं शिकवला. नोकरीत असताना एका समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांचा परिचय लिहायचं काम माझ्याकडं आलं. जुन्या पत्रकावरून उतरवून काढला. त्यात होतं, ‘१९५८ साली जिल्हा परिषदेवर निवडून आले’. माईकवर वाचून झाल्यावर म्हातारे पाहुणे माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, ‘रावसाहेब, तेव्हा जिल्हा परिषद जन्माला यायची होती. लोकल बोर्ड होतं.’ खरंच. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदा १ मे १९६२ च्या. माईक चालूच होता हे आम्हा दोघांनाही नंतर कळलं.

तिच्या पहिल्या मसुद्यात तीच चूक वेगळ्या कपड्यांत आली होती: ‘१९४८ मध्ये राज्य स्थापन होताच परमार मुख्यमंत्री झाले.’ १५ एप्रिल १९४८ ला लहानमोठी तीस डोंगरी संस्थानं एकत्र करून हिमाचल प्रदेश झाला हे बरोबर. त्याच वर्षी आपलं अक्कलकोट संस्थान मुंबई प्रांतात आलं, तसंच. पण तिकडं कारभार केंद्रानं नेमलेल्या मुख्य आयुक्ताकडं होता. मुख्यमंत्री नावाची खुर्चीच नव्हती. आधी निवडणूक झाली, आणि मग २४ मार्च १९५२ ला परमार पहिले मुख्यमंत्री. त्या निवडणुकीतला एक तपशील भाषणात जरूर घ्या, लोक मान वर करून ऐकतात. डोंगरातल्या चिनी नावाच्या तालुक्यात बर्फ पडायच्या आत मतदान उरकायचं म्हणून २५ ऑक्टोबर १९५१ लाच मतपेट्या मांडल्या होत्या. बाकी देशाचं मतदान नंतर.

दुसरी चूक अधिक पसरलेली. ‘सलग अठरा वर्षे मुख्यमंत्री.’ तारखा मांडल्या की ती आपोआप पडते. पहिला काळ २४ मार्च १९५२ ते ३१ ऑक्टोबर १९५६. दुसरा १ जुलै १९६३ ते २८ जानेवारी १९७७. बेरीज अठरा वर्षांच्या किंचित वर जाते, पण मधे सहा वर्षं आणि आठ महिने कोरे आहेत.

मी तिला म्हटलं, तुझं भाषण या कोऱ्या जागेत आहे.

फायलीतसुद्धा असंच असतं. सात-बारावर नाव कधी चढलं यापेक्षा मधली कुठली नोंद गायब आहे ते आधी बघायचं. वाद तिथंच निघतो. पुढाऱ्याच्या कारकिर्दीत खुर्ची गेली तो दिवस शोधा आणि त्या दिवशी देशात आणखी काय घडलं ते बघा. हरला होता का? पक्षानं काढलं का? परमारांच्या बाबतीत दोन्ही नाही. खुर्चीच मोडीत काढली होती.

१ नोव्हेंबर १९५६. हा दिवस मराठी माणसाला दुसऱ्या कारणानं ठाऊक असतो. त्या दिवशी द्वैभाषिक मुंबई राज्य आलं आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी हिमाचल केंद्रशासित प्रदेश झाला, त्याची विधानसभा गेली आणि तिकडच्या यशवंताचं मुख्यमंत्रिपद आदल्या संध्याकाळी संपलं. हे सापडलं तेव्हा मुलगी वहीवरून उठून थेट पाणी प्यायला गेली. मीही चष्मा पुसला. एका यशवंताला राज्य मिळालं, दुसऱ्याचं गेलं, आणि दोन्ही एकाच कायद्याच्या गठ्ठ्यातून.

असं काही सापडलं की लगेच गोष्ट रचू नका, आधी कारण शोधा. कारण राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालात आहे. फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर सदस्य. आपल्याकडं तो अहवाल संयुक्त महाराष्ट्राच्या रागातून आठवतात, कारण त्यानं मराठी माणसाला गुजरातीबरोबर एका राज्यात ठेवलं आणि विदर्भ वेगळा सुचवला. पण त्याच अहवालात हिमाचलवरही प्रकरण आहे. बहुमत म्हणालं, हिमाचल पंजाबात घाला. खुद्द अध्यक्ष फाजल अलींनी वेगळी टिपणी जोडली, की नको, याला वेगळंच ठेवा. शेवटी हिमाचल वेगळा राहिला, पण किंमत म्हणून विधानसभा गेली. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्यांत परमार पुढं होते. ज्या मागणीनं प्रदेश वाचला, तिनंच मुख्यमंत्र्याची खुर्ची नेली.

सीमाप्रश्न ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या मंडळात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही घरांतली पोरं आहेत. ‘तुम्हाला उद्या कुठल्या राज्यात टाकायचं ते दिल्लीत ठरतंय’ एवढं वाक्य बास. तिथं दोन मिनिटं द्या, घाई करू नका.

पुढचं मात्र भराभर सांगता येतं. १ जुलै १९६३ ला विधानसभा परत आली, परमारही. १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबचीच फाळणी झाली आणि कांगडा, कुल्लू, लाहौल-स्पिती, शिमला हा डोंगरी पट्टा हिमाचलला मिळाला. दहा-अकरा वर्षांपूर्वी ज्याला पंजाबात घालायला निघाले होते, त्याच्यात पंजाबचे डोंगर आले. तारखेकडंही बघा, पुन्हा १ नोव्हेंबरच. मग २५ जानेवारी १९७१ ला पूर्ण राज्याचा दर्जा, देशातलं अठरावं राज्य. शिमल्याच्या रिज मैदानावर बर्फ पडत असताना इंदिरा गांधींनी घोषणा केली. हे चित्र सगळेच वापरतात, तुम्हीही वापरा, पण भाषण त्यावर संपवू नका. तिथं टाळ्या पडतात आणि पुढचं कुणी ऐकत नाही. खरा कागद त्याच्यानंतरचा आहे.

तो कागद म्हणजे जमिनीचा कायदा. इथं मी जरा रेंगाळणार, माझा जन्म त्यात गेलाय.

कुठल्याही पुढाऱ्याच्या कारकिर्दीत एक विषय असा असतो की तो पदं बदलली तरी सुटत नाही. तो हुडकायचा. त्यासाठी शिक्षणाच्या ओळीवरून उड्या मारू नका. परमार लाहोरला शिकले, मग लखनौला एमए आणि एलएलबी, १९३० पासून सिरमौर संस्थानात न्यायाधीश, पुढं जिल्हा व सत्र न्यायाधीश. १९४१ ला ती नोकरी सुटली. १९४४ ला लखनौ विद्यापीठाची पीएचडी. प्रबंधाचा विषय हिमालयातली बहुपतित्वाची चाल आणि तिच्यामागची सामाजिक-आर्थिक कारणं.

मुलीनं हा विषय गाळला होता. विचारल्यावर खाली बघून म्हणाली, ‘सगळ्यांसमोर कसं सांगायचं?’ मी म्हटलं, जमिनीचं म्हणून सांग. डोंगरात शेत म्हणजे पायरीएवढं वावर. चार भावांची चार लग्नं झाली तर पुढच्या पिढीत त्या पायरीचे चार तुकडे, त्यानंतर सोळा. भावांनी मिळून एकच बायको केली की घर एक, वावर एक. आमच्याकडं तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ ला तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. तिकडच्या काही खोऱ्यांत तेच काम लग्नाच्या रीतीनं केलं, आणि त्याचा भार कुणावर पडला तेही बोल. आईसमोर एकदा म्हणून बघ म्हटलं. पुढच्या वेळी येऊन सांगते, ‘आई म्हणाली, चार जणांच्या भाकऱ्या एकटीनंच थापायच्या ना?’ हे वाक्य भाषणात घे, असं मी तिला तिथंच सांगितलं.

आता दोरा जोडा. ज्यानं तरुणपणी जमिनीचे तुकडे टाळणाऱ्या चालीवर प्रबंध लिहिला, त्याच्या पहिल्या कारकिर्दीत १९५३ चा मोठ्या जमीनदाऱ्या मोडण्याचा कायदा झाला, आणि दुसऱ्या कारकिर्दीत १९७२ चा कुळवहिवाट व जमीन सुधारणा कायदा. कुळं मालक झाली. आपल्याकडं १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला जे झालं, त्याच जातीचं काम.

त्या १९७२ च्या कायद्यातलं कलम ११८ सगळ्यांना अर्धवट माहीत असतं. ‘हिमाचलमध्ये बाहेरच्याला जमीन घेता येत नाही.’ परीक्षेच्या गाइडातही असंच छापतात. कायदा काढून वाचा. केंद्र आणि राज्यांचे कायदे नेटवर फुकट मिळतात, कलम सापडायला पाच मिनिटं लागतात. तिथं बाहेरचा असा शब्द नाही. शेतकरी नसलेला, असा आहे. आणि शेतकरी कोण, तर हिमाचलमधली जमीन स्वतः कसणारा. म्हणजे शिमल्यात जन्मलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्या माणसालाही सरकारच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ऐकीव वाक्य आणि छापील कलम यांत एवढं अंतर असतं. पुढाऱ्यावर बोलताना त्याच्या नावावरचा निदान एक कायदा मुळातून वाचल्याशिवाय माईकला हात लावू नये, हा आमच्या मंडळाचा एकमेव कडक नियम. बाकी चहा कधीही मिळतो.

जमिनीसारखंच सफरचंदाचं. ‘परमारांनी हिमाचलला सफरचंद दिलं’ हे काढून टाका. शिमल्याकडच्या कोटगढला अमेरिकन जातीची सफरचंदं लावली ती अमेरिकेतून येऊन तिथं राहिलेल्या स्टोक्स यांनी, पहिल्या महायुद्धाच्या काळात. तेव्हा परमार शाळेत होते. परमारांच्या राजवटीनं रस्त्यांवर जोर दिला, फळबागांना उचलून धरलं. आपल्या सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला विचारा, फळ लावणारा एक असतो आणि ते बाजारात पोचेल अशी सोय करणारा दुसरा. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला द्या, तेवढं पुष्कळ आहे. नौणीचं बागायती आणि वनशास्त्राचं विद्यापीठ १९८५ चं, परमारांच्या निधनानंतरचं. त्याला त्यांचं नाव आहे, ते त्यांनी काढलं असं म्हणू नका.

प्रामाणिकपणाच्या गोष्टी प्रत्येक पुढाऱ्याच्या मिळतात. परमारांबद्दल सांगतात की राजीनामा दिल्यावर ते एसटीनं, म्हणजे तिकडच्या सरकारी बसनं, गावी गेले. गेले तेव्हा बँकेत किती रुपये उरले होते त्याचा आकडाही सांगतात. गोष्ट गोड आहे. घ्यायची तर ‘असं सांगतात’ या दोन शब्दांसकट घ्या, आणि एकच घ्या. तीन सांगितल्या की श्रोत्याला कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं.

राजीनाम्याचं प्रकरण नाजूक. १८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी लोकसभेच्या निवडणुका जाहीर केल्या. २८ जानेवारीला परमार गेले, ठाकूर रामलाल आले. मुलीनं दोन तारखांच्या मधे ‘म्हणून’ लिहिलं होतं. मी तो शब्द लाल शाईनं खोडला. आणीबाणी चालू होती, निवडणूक दारात होती आणि त्या दहा दिवसांत चौदाव्या वर्षात असलेला मुख्यमंत्री बदलला. एवढं शांतपणे सांगा आणि एक श्वास थांबा. जोडायचं ते ऐकणारा जोडतो. २ मे १९८१ ला त्यांचं निधन झालं, हे एका वाक्यात.

बोलायचं कसं, यावर फार नाही सांगत. सुरुवात जन्मानं करू नका, १ नोव्हेंबर १९५६ नं करा, मग मागं जा. वीस मिनिटांत तारखा आठच. बाकीच्या कागदावर असू द्या, कुणी विचारलं तर काढा. तालीम पंखा बंद करून करा, कारण कार्यक्रमात लाइट हमखास जाते. भारनियमन संपलं असं म्हणतात, आमच्या भागाला अजून कुणी कळवलेलं नाही.

घरच्यांसमोर एक तालीम मात्र कराच. तिनं वडिलांसमोर केली. ते रात्रपाळी करून आले होते, भिंतीला टेकून ऐकत होते. कलम ११८ आलं तसे सरळ झाले. सगळं ऐकून विचारलं, ‘म्हणजे आपल्याला तिकडं वावर घेता येणार नाही. इथं अक्कलकोटाकडं तरी येईल का?’

मुलीला उत्तर येईना. रविवारी तिनं मला विचारलं. मी तिला आपला कुळकायदा काढून कलम ६३ दाखवलं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय. यंत्रमागावर तीस वर्षं उभा राहिलेला, सात-बारा नसलेला माणूस शेतकरी नाही. नोकरीत मी हे कलम कितीतरी अर्जांवर लिहिलं असेल, ‘सबब अर्ज नामंजूर’. समोर बसलेल्या पोरीला ते सांगताना माझा आवाज जरा खाली गेला.

ती बराच वेळ दोन्ही कलमं शेजारी शेजारी ठेवून बघत बसली. मग म्हणाली, ‘काका, बर्फाचं काढते. तिथं हे घालते.’